निजलेली मिरची

पातेल्याच्या झाकणाला कान लावून बसलेला माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का? मी पाहिला आहे. आणि इतक्या वेळा, की आजही कुठे चुलीवर भात रटरटायला लागला की माझी मान आपोआप वाकडी होते. घरचे म्हणतात, मानेला वात धरला आहे. म्हणू देत.

एक गुडघा मुडपून ते चुलीपुढे बसत. डावा हात जमिनीवर टेकलेला, उजव्या हाताचं बोट हवेत, कान झाकणाच्या अगदी जवळ आणि डोळे मिटलेले. घरात कुणी खाकरलं की ते बोट बरोबर त्याच्याकडे वळायचं. मग थोड्या वेळाने डोळे उघडून, झोपलेल्या लेकराच्या खोलीत बोलावं तसं हळूच म्हणायचे, "निजलीय. निजू द्या."

कोण निजली आहे? मिरची.

हसा, मंडळी. मीही पहिल्यांदा पोट धरून हसलो होतो. तेव्हा त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "हसा मास्तर. पर हळू हसा."

मी मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे. भोरच्या मोटार स्टँडवर खिडकीत बसून पुण्याच्या आणि घाटाखाली महाडच्या सर्व्हिस मोटारींची तिकिटं फाडणारा मास्तर. संस्थानाचे दिवस होते ते. लाल डब्याची एस.टी. अजून यायची होती. स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. हिंदू असो, मुसलमान असो, सगळा गाव त्यांना चाचा म्हणायचा आणि त्यांच्या बायकोला चाची. जहाजावर ते भंडारी होते, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. आता भोरचा माणूस आणि जहाज यांचा काय संबंध, हे मला विचारू नका. आमच्याकडे पाणी म्हणजे नीरा नदी, आणि फार फार तर भाटघरचं धरण. पोरवयात वरंधा घाटाने तांदळाच्या गाड्यांबरोबर महाडला उतरलेला हा मुलगा घरी परतायच्या ऐवजी मुंबईच्या गोदीत पोहोचला, आणि केस पिकल्यावर एक पत्र्याची ट्रंक, एक दुखरा गुडघा आणि काडेपेटीत जपलेलं मिरचीचं बी घेऊन परत आला. मधल्या काळात वर्ष-दोन वर्षांनी घरी यायचा, तेवढ्यात लग्न झालं, मुलगा झाला.

भाटघरचं धरण भरलं की आम्ही बैलगाड्या जुंपून बघायला जायचो. चाचांना एकदा ओढून नेलं. ते पाण्याकडे पाठ करून बसले आणि भाकरी खाऊ लागले.

"चाचा, पाणी बघायला आलोय ना आपण?"

"वळकीचं हाय ते," चाचा म्हणाले. "नजर दिली का बोलाया लागतं."

मग आम्हीही एकेक करून पाण्याकडे पाठ केली आणि भाकऱ्या सोडल्या.

तर तो भात. आपल्याकडे नारळाचा भात म्हणजे गूळ, वेलची, श्रावणी पौर्णिमा. चाचांनी गल्लीत पहिल्यांदा ताट पाठवलं, तेव्हा मी गोडाच्या आशेने मोठा घास घेतला. तो निघाला खारा, त्यात तुरीचे दाणे. माझा चेहरा पाहायला चाचा मुद्दाम खिडकीशी येऊन उभे होते. त्या दिवशी त्यांच्यात आणि माझ्यात मैत्री झाली. आम्ही दोघंही त्याच जातीचे, दुसऱ्याची फजिती बघायला लांबून चालत येणारे.

हा भात जमैका नावाच्या बेटावरचा. तापाने फणफणलेल्या चाचांना जहाजाने तिथल्या बंदरात उतरवलं आणि जहाज निघून गेलं. बंदरावर जेवण विकणाऱ्या एका म्हातारीने त्यांना उचलून आपल्या स्वयंपाकघरात टाकलं. ताप उतरल्यावर ते तिचे नारळ खवू लागले. तिकडे हा भात कुणी एकटा खात नाही म्हणे, मासळीच्या नाहीतर मटणाच्या शेजारी वाढतात. आमच्या भोरात त्याच्या शेजारी बसायला सुक्या बोंबलाची चटणी असायची. तीही काही वाईट सोबत नव्हती.

करायची रीत अशी. नारळ खवून, वाटून, आधी घट्ट दूध पिळून बाजूला ठेवायचं, मग पातळ. तांदूळ जुना पाहिजे. आमच्या आंबेमोहोरावर चाचांचा राग होता. "वास राजाचा, पर गळ्यात गळा घालून बसतो," म्हणायचे. बांधावरच्या तुरीचे ओले दाणे आधी उकडून घ्यायचे. कांदा, लसूण, थोडी लवंग, मीठ, आणि परसातल्या पानओव्याची जाड पानं. हे सगळं दोन्ही दुधांत तांदळाबरोबर उकळून पाणी तांदळाच्या अंगालगत आलं, की शेवटी ती मिरची.

ती मिरची आपल्यासारखी लांब नव्हती. लिंबाएवढी, कुणीतरी बूड टेकवून बसलेल्या टोपीसारखी चेपलेली. आधी पिवळी, मग लाल. परसात एका जुन्या तुपाच्या डब्यात तिचं झाड होतं. तिला पिकलेल्या फळासारखा गोड वास यायचा, आणि त्या वासावर जाऊन आमच्या गल्लीतल्या एका बोकडाने एकदा तिचा चावा घेतला. बोकड पुढे दिसला तो थेट पुण्याच्या वाटेवरच्या शिवरे गावाजवळ, असं लोक सांगत. मी सांगत नाही.

ही मिरची चिरायची नाही, टोचायची नाही. देठाला धरून अख्खी भातावर ठेवायची. वर केळीचं पान, त्यावर झाकण, खाली नुसते निखारे. ढवळायचं नाही. ती नुसता आपला वास देते आणि आतली आग आपल्याजवळ ठेवते. भात तयार झाला की देठाला धरूनच बाहेर काढायची. मात्र शिजताना फुटली, तर सगळं पातेलं पेटतं.

एवढंच असतं, तर मी हे लिहायला बसलो नसतो. म्हातारीने चाचांना आणखी एक गोष्ट सांगितली होती. प्रवासाला निघणाऱ्या माणसासाठी हा भात करतात. मिरची शाबूत निघाली, तर माणूस परत येतो. फुटली, तर त्या दिवशी त्याने घर सोडू नये. चाचांना जहाज मिळालं तेव्हा म्हातारीने भात केला. मिरची शाबूत निघाली आणि चाचा परत आले. पुढे एकदा जहाजावर बंदर सोडताना चाचांनीच भात केला आणि मिरची फुटली. जहाज काही मिरचीसाठी थांबत नाही. त्या फेरीत बॉयलरपाशी कोळसा ओढणारा त्यांचा जिवाभावाचा दोस्त रात्री डेकवर हवा खायला गेला तो सकाळी नव्हता. "पानी सपाट हुतं," चाचा सांगायचे. "तव्यावानी सपाट."

गावात हे पसरायला वेळ लागला नाही, कारण पसरवणारा मी होतो. खिडकीतून तिकीट देता देता मी ही गोष्ट आवाज बारीक करून, डोळे मोठे करून सांगायचो, आणि घाटाने जाणारी माणसं तिकीट खिशात घालून आधी चाचांच्या दारात जायची. एका ड्रायव्हरने तर गंमत म्हणून झाकण उचललं आणि उलथन्याने मिरची फोडली. चाचा त्याला म्हणाले, आज गाडी काढू नकोस. तो हसत गेला आणि वरंध्याच्या वळणावर मोटार दरीकडे कलंडली. झाडाने अडवली म्हणून माणसं वाचली. ड्रायव्हरचा हात मात्र कायमचा गेला. त्या मोटारीचा ब्रेक महिनाभर धड नव्हता, हे मला ठाऊक होतं. पण गावाला ब्रेकपेक्षा मिरची जास्त पटली. खरं सांगायचं तर, त्या दिवसानंतर मीही ती गोष्ट आवाज बारीक न करता सांगू लागलो. बारीक करायची गरजच उरली नाही.

मग दुसरी लढाई आली. पेट्रोल मिळेना. मोटारींच्या पाठीला कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या लागल्या, फेऱ्या कमी झाल्या. चाचांचा एकुलता एक मुलगा कादर आमच्याच मोटारीवर क्लीनर होता. अंगाने दणकट, तोंडाने हसरा, आणि दिवसभर भट्टीला वारा घालून कंटाळलेला. मुंबईहून चाचांच्या जुन्या सारंगाचा, म्हणजे खलाशांच्या मुकादमाचा, निरोप आला. जहाजाच्या भटारखान्यात एक जागा आहे, कादरला पाठवतोस का? कादरने बापाला न विचारताच हो कळवून टाकलं. सारंगाने त्याच्या नावावर जागा धरली, वर साहेबाला शब्द दिला.

समुद्रात तेव्हा काय चाललं होतं ते आम्हाला वर्तमानपत्रात अर्धंमुर्धं कळायचं. जहाजं बंदरातून निघत आणि त्यांचं पुढे काय झालं ते कुणी छापत नसे. चाचा वर्तमानपत्र वाचत नसत. गोदीतून सुटून आलेला कुणी भेटला की त्याच्याशी कोपऱ्यात बसून बोलत.

बापलेकांचं भांडण झालं नाही. कादरनेच तोडगा काढला. म्हणाला, "अब्बा, तुमी भात करा. शाबूत निगाली तर मला आडवायचं न्हाई. फुटली तर म्या ऱ्हातो." चाचांनी मान डोलावली. साक्षीला मला बोलावलं.

आता यातली खुबी लक्षात घ्या. चाचांची मिरची स्वतःच्या चुलीवर आपसूक कधीच फुटली नव्हती. निखारा किती ठेवायचा ते त्यांच्या बोटांना कळत होतं. म्हणजे कादर जवळजवळ जहाजावर चढलाच होता. हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि दाराच्या चौकटीला टेकून ऐकणाऱ्या चाचीलाही ठाऊक होतं. चाची बोलायच्या कमी. त्या दिवशी मला चहा देताना एवढंच म्हणाल्या, "मास्तर, ह्यांचा हात चुकत न्हाई. कदीच चुकत न्हाई."

दुपारची वेळ. मी उंबऱ्यावर, कादर भिंतीला टेकून शीळ घालत. चाचांनी मिरची स्वतः तोडून आणली आणि बशीत ठेवली. नारळाचं दूध पिळायला ते पाठ फिरवून बसले. चाचीने बशी उचलून मोरीत नेली, मिरची धुतली, पदराने पुसली आणि परत ठेवली. चाचांनी ती देठाला धरून उचलली. क्षणभर हातातच धरली. मग भातावर ठेवली, पान घातलं, झाकण लावलं, आणि बसले कान लावून.

मी नाटकवेडा माणूस. गावच्या मेळ्यात राण्यांपासून राक्षसांपर्यंत सगळं करून बसलोय. पण प्रेक्षकाला असं जागच्या जागी बांधून ठेवणं मला कधी जमलं नाही. बोट हवेत. डोळे मिटलेले. कादरची शीळ थांबली. परसातली कोंबडीसुद्धा गप्प झाली असं मला वाटतं, पण कोंबडीची साक्ष मी काढणार नाही. बराच वेळ गेला. चाचांनी डोळे उघडले, पण ते नेहमीचे शब्द काही म्हणाले नाहीत.

झाकण निघालं. मिरची चिरफाळून पडली होती. पांढऱ्या भातावर सगळीकडे तिचं पिवळं बी.

"उठली," चाचा म्हणाले.

कादरचा चेहरा पडला. मिरचीच आहे अब्बा, असं काहीतरी तो पुटपुटला. चाचांनी त्याला त्याच्या शब्दाची आठवण करून दिली, तीही एकदाच. मग तो पातेलं उचलून परसात ओतायला निघाला, तर चाचांनी हात आडवा घातला. "अन्न हाय. वाढा."

आणि आम्ही जेवलो, मंडळी. ती आग चौघं मिळून जेवलो. पहिल्या घासाला कान बधिर झाले, दुसऱ्याला मला माझे मेलेले आजोबा दिसले. नाकाडोळ्यांतून धारा. पाणी प्यालं की आणखी पेटे. कादर खाली मान घालून खात होता आणि डोळे मनगटाने पुसत होता. चाचीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं ते त्यांनी पुसलंही नाही. चाचा शांतपणे घास घेत होते, आणि त्यांच्या दाढीतून थेंब ताटात पडत होते. कोण मिरचीने रडतंय आणि कोण कशाने, हे त्या घरात त्या दुपारी कुणालाच विचारता येत नव्हतं. शेवटी चाची म्हणाल्या, "ग्वाड झालाय." आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली.

त्यानंतरच्या आठवड्यात सकाळच्या मोटारीला चाचा खिडकीशी आले. अंगात जुना खाकी कोट, पायाशी पत्र्याची ट्रंक. पुण्यापर्यंतचं तिकीट मागितलं. मला वाटलं, सारंगाला नकार कळवायला मुंबईला निघालेत. तसं मी बोललोही, आणि ट्रंकेवरून चेष्टा केली, की एवढी ट्रंक भरून नकार नेताय का.

"नकार न्हाई," चाचा म्हणाले. "त्यानं पोराच्या नावावर जागा धरलीय. माज्यापायी शबुद दिलाय. रिकामी कशी ठिवायची?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी खिडकीतून जवळजवळ बाहेर आलो. त्यांचं वय, तो गुडघा, समुद्रातली लढाई, जे सुचलं ते सगळं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं.

"चाचीला सांगितलंत?"

"सारंगाला सांगून येतो म्हणलोय. खोटं न्हाई त्ये. सांगणारच हाय त्याला." मग मागे वळून पाहिलं. कादर लांब मोटारीच्या पाठीशी भट्टीला वारा घालत होता. चाचांनी तोंड खिडकीजवळ आणलं. "मास्तर, मिरची फुटली न्हवती. कापल्याली हुती. खालनं. देठाला धरली तवाच वास आला मला."

म्हणजे ठाऊक असून त्यांनी ती ठेवली होती. ठाऊक असून तेवढा वेळ झाकणाला कान लावून बसले होते. साऱ्या मेळ्यांतल्या साऱ्या नटांनी त्यांच्या पाया पडावं.

"तिला कदी कळू देऊ नका, मला ठावं हुतं म्हणून." मी शब्द दिला. चाची गेल्या त्याला आता बरेच दिवस झाले, म्हणून आज लिहितोय.

ते जायला वळले आणि पुन्हा थांबले. "एकच कळत न्हाई. आपसूक फुटली, तर जाणाऱ्याच्या नावाची. पर कापल्याली कुणाच्या नावाची धरायची? पोरगं तर जात न्हाई."

त्यांनी ट्रंक उचलली आणि ते मोटारीत जाऊन बसले.

मोटार सुरू होईना. कादरने हँडल मारून मारून घाम गाळला. तेव्हा चाचा खाली उतरले, बॉनेटला कान लावला, बोट वर केलं आणि म्हणाले, "निजलीय." सगळी मोटार हसली. कादरही हसला, मिरची फुटल्यापासून पहिल्यांदाच मोकळा. त्याने पुन्हा हँडल फिरवलं आणि मोटार उठली. आपल्या बापाला कुठे पोहोचवतोय हे त्या पोराला ठाऊक नव्हतं. तो पाठीमागच्या शिडीवर लटकून शीळ घालत गेला.

जहाज सुटल्याचं मुंबईच्या एका खलाशाकडून कळलं. पुढे काही कळलं नाही. बुडालं असंही नाही, पोहोचलं असंही नाही. लढाई संपली, गेलेल्यांतली काही माणसं परत आली, काहींच्या घरी सरकारी कागद आले. चाचांच्या घरी यातलं काहीच आलं नाही. कादर ड्रायव्हर झाला, पुढे वेल्ह्याकडे गाडी नेऊ लागला. त्याच्यासाठी कुणी भात करत नसे, आणि तो रोज धडधाकट परत येत असे.

चाची मात्र भात करायच्या. कुणी कुठे जाणार नसलं तरी करायच्या. एका दुपारी मी सहज गेलो, तर त्या चुलीपुढे बसलेल्या. एक गुडघा मुडपलेला, बोट हवेत, कान झाकणापाशी. मी उंबऱ्यावर टेकलो. बऱ्याच वेळाने, डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "मास्तर, फुटल्याली आनि कापल्याली, जाणत्याला सारकीच दिसती का वो?"

साऱ्या जन्मात मी इतकी सोंगं केली, पण त्या वेळी चेहरा सरळ ठेवायला जेवढे कष्ट पडले तेवढे कधी पडले नाहीत.

"सारखीच दिसते चाची," मी म्हणालो. "कुणालाही."

त्यांनी झाकण काढलं. मिरची शाबूत होती, लाल, टम्म. चाचीने ती देठाला धरून उचलली, बशीत ठेवली. मग पातेल्यावर पुन्हा झाकण लावलं, बोट वर केलं, आणि कान टेकवला.